पहिल्याची चौकशी

"पयल्याचं काय झालं, ते सांग आदी," लालासाहेब म्हणाले आणि त्यांनी पुढचं ताट बाजूला सारलं.

संयोगितानं आईकडं बघितलं. बनूबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि ह्या भांडणात आपण नाही, असं पाठीनंच सांगितलं.

"मला न्हाई म्हाईत, आप्पा. मी विचारलं न्हाई."

"का न्हाई विचारलंस?"

"बरं दिसतं का ते? त्यानं बँड सोडला, त्याच्या जागी मला घेतलं. झालं. पुढच्या महिन्यात जपान, तिथनं जर्मनी, पोलंड, मग पार ब्राझील. आख्ख्या जगाचा दौरा हाय आप्पा!"

"तेच म्हंतोय मी. जगाचा दौरा सोडून माणूस घरी बसतो? कायतरी काळंबेरं असल्याबिगर बसतो व्हय?"

लालासाहेबांचा जन्मच संशय घेण्यात गेला होता, त्याला ते तरी काय करणार! कोरेगावजवळच्या त्यांच्या गावात प्रत्येक आळीत फौजी. कुणी सियाचीन पाहिलं, कुणी कारगिल. लालासाहेबांच्या वाट्याला मात्र आलं गेट. सगळी नोकरी वेगवेगळ्या छावण्यांच्या फाटकावर. थम, कौन आता है! पास दाखव. डिकी उघड. पिशवीत काय आहे? हवालदार होऊन घरी आले, उसाला पाणी पाजू लागले, पण फाटक काही डोक्यातून गेलं नाही. गॅसची टाकी घेऊन येणाऱ्या माणसालासुद्धा ते नाव, गाव आणि मालकाचं नाव विचारून मगच आत घेत.

आणि अशा माणसाच्या पोटी ही पोरगी. साताऱ्याला कॉलेजात गेली, तिथं ढोल-ताशाच्या पथकात शिरली. तोवर ठीक होतं, मिरवणुकीत ताशा वाजवताना बघून बनूबाईंनी कडाकडा बोटं मोडली होती. पुढं कुठल्याशा कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली आणि पहिल्या पगारातून बाईसाहेबांनी जुना ड्रमसेट आणला. मळ्यातल्या बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडला आतून अंड्यांचे रिकामे ट्रे ठोकले, म्हणजे आवाज बाहेर जायला नको, आणि रोज संध्याकाळी आत बसून बडवायला सुरुवात केली.

त्या संगीताला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात, हे लालासाहेबांना तिनंच सांगितलं. एकेक गाणं पाव-पाव तासाचं. आधी पाचचा ठेका, मग एकाएकी सातचा, मग अकराचा. लालासाहेबांनी एकदा शेडच्या बाहेरून ऐकलं आणि नकळत पाय आपटायला लागले. लेफ्ट-राइट, लेफ्ट-राइट करता करता भलताच पाय पुढं आला आणि ते पाण्याच्या पाटात पडता पडता वाचले.

"ह्या गाण्यावर परेड केली," ते घरी येऊन म्हणाले, "तर आख्खी कंपनी एकमेकाच्या अंगावर पडंल."

आता त्या शेडातल्या बडवण्याचे व्हिडिओ कुणीतरी बघितले होते. सांगलीचा बँड होता. चार पोरं. परदेशात त्यांना मानणारे लोक हजारोंनी आहेत म्हणे. बँडचं नाव 'मगर'. कृष्णेच्या पाण्यातली मगर.

"नाव तरी बघा," लालासाहेब बनूबाईंना म्हणाले. "आनि ह्येंच्या तोंडात पोरगी द्यायची!"

शेजारच्या वाडीतला एक पोरगा असाच परदेशी नोकरीला म्हणून गेला होता. तिकडं त्याला कोंडून घालून फोनवरून लोकांना फसवायच्या कामाला लावलं. कसाबसा सुटून आला, पण अजून कुणाशी बोलत नाही. हे लालासाहेबांनी विसरावं तरी कसं?

त्यांनी ताट पुन्हा पुढं ओढलं, पण घास काही घेतला नाही. "हे बघ संयू. बिजवर स्थळ आलं तर आपुन काय करतो? पयलीनं का सोडलं, ते आदी बघतो. मारत हुता का, पीत हुता का, सासू वाईट हुती का. पयलीच्या माहेरी जाऊन इचारतो. मगच पोरगी देतो."

"माझं लग्न न्हाई ठरलं, आप्पा!"

"लग्नापरास वाईट हाय हे. लग्नात नवरा येकच आसतो. हितं चार बापे हायत."

बनूबाईंना हसू आवरेना. संयोगिता मात्र हसली नाही. ती उठून हात धुवून आली आणि वडिलांसमोर उभी राहिली.

"सोमवारी व्हिसासाठी पासपोर्ट द्यायचाय. तुमी न्हाई म्हणालात तर मी जाणार न्हाई. पळून बिळून जाणारी मी न्हाई. पर मग त्यांना फोन तुमी करायचा. आनि माझा ड्रमपण तुमीच इकून टाकायचा. मी पुन्यांदा शेडात पाय ठेवणार न्हाई."

  ही पोरगी बोलते तसं करते, हे लालासाहेबांना ठाऊक होतं. गुण त्यांचेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून त्यांनी साताऱ्याहून सांगलीची एसटी धरली.

घर बघायला जाताना थेट घरी जायचं नसतं. आधी समोरच्या चहाच्या गाड्यावर बसायचं, हे काय त्यांना कुणी शिकवायला हवं होतं! 'मगर'वाल्यांची तालीम मार्केट यार्डामागच्या हळदीच्या एका जुन्या गोदामात चालायची. भिंती पिवळ्या, जमीन पिवळी, समोर पडलेलं कुत्रंसुद्धा पिवळं. आतून गिटारींचा कर्कश आवाज येत होता. कोपऱ्यावर ज्ञानू नावाच्या माणसाचा चहाचा गाडा होता. लालासाहेबांनी कटिंग घेतला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "पोरं कशी हायत वो ही?"

"कुनाची? मगरवाली?" ज्ञानूनं फडक्यानं हात पुसले. "पोरं काय वाईट न्हाईत. केसं तेवढी वाढवल्यात. च्याचं पैसं येळच्या येळी देत्यात. का वो, जागा बघताय काय?"

"पोरगी द्यायची हाय."

"कुनाला?"

"समद्यास्नी," लालासाहेब म्हणाले, आणि ज्ञानूचा चहा उतू गेला.

मग सगळी हकीकत सांगावी लागली. ज्ञानूनं ती मन लावून ऐकली आणि इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "आदी ढोल वाजवायला पुष्कर म्हनून पोरगा हुता. गावभागातला. लय गरीब पोरगं. गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आतनं रडत बाहीर आला. मागनं ही चौघं पळत, हाका मारत. ह्यानं वळून बघितलं न्हाई. तवापास्नं हिकडं फिरकला न्हाई बघा."

"रडत?"

"व्हय. मोठा बाप्या, पर ल्हान पोरागत रडत हुता."

लालासाहेबांच्या मनात पाल चुकचुकत होतीच, आता तिनं शेपूट आपटायला सुरुवात केली. हाकलला असणार. नाहीतर मारला असणार. नाहीतर आत काहीतरी भलतंसलतं चालत असणार आणि त्या गरिबानं ते पाहिलं असणार.

ते गोदामात शिरले. आवाज बंद झाला. काळा बनियन घातलेला, खांद्यापर्यंत केस असलेला एक दांडगा पोरगा पुढं आला. बनियनवर जबडा वासलेली मगर. नाव सांगितलं शंभूराज, बँडचा म्होरक्या. लालासाहेब कोण ते कळताच त्यानं वाकून पाया पडून नमस्कार केला. लालासाहेबांचा संशय आणखी वाढला. गेटवर जास्त नमस्कार करणाऱ्याची गाडी आधी तपासायची असते.

"काका, संयोगिताची अजिबात काळजी करू नका. माझी बहीण येतीय सोबत, दोघी एका खोलीत राहतील. सगळी हॉटेलं, सगळ्यांचे फोन नंबर देतो तुम्हाला."

"ते द्या. पर पुष्करनं का सोडलं?"

शंभूराजचा चेहरा उतरला. त्यानं मागं बघितलं. बाकीचे तिघं आपापल्या गिटारीच्या तारांकडं बघत होते.

"पर्सनल रिझन होतं, काका."

"म्हंजे?"

"म्हणजे... ते आम्हाला सांगता येणार नाही."

"भांडान झालं?"

"नाही."

"प्यायचा?"

"पुष्कर? छे!" शंभूराज एकदम तापला. "काका, दुसरं काहीही विचारा. हे नको."

"मग त्येचा पत्ता द्या."

"तोही नाही देता येणार. माफ करा."

झालं! ह्याहून जास्त पुरावा तो काय हवा? लालासाहेब बाहेर आले. पत्ता त्यांना ज्ञानूनं दिला, वर बिनपैशाचा आणखी एक चहा दिला आणि निघताना म्हणाला, "नीट चौकशी करा बरं का. पोरीचा जल्म हाय."

गावभागातल्या त्या दुमजली इमारतीत खालच्याच मजल्यावर पुष्करचं घर होतं. दार उघडंच होतं. साठीच्या, गोऱ्या, चष्मा लावलेल्या बाई जमिनीवर बसून डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवत होत्या. मेतकूट. शेंगदाण्याची चटणी. लसणाची चटणी. शेजारी उघडी बॅग, तिच्यात लोकरीचा स्वेटर, कानटोपी, मोजे. खोलीभर बेसनाच्या लाडवांचा वास सुटला होता.

"पुष्कर हितंच राहतो का? मी लालासाहेब. कोरेगावकडचा. माझी मुलगी संयोगिता, ती बँडमदी..."

"अहो या ना, या, बसा!" बाई लगबगीनं उठल्या. "मी विनोदिनी, पुष्करची आई. म्हणजे तुमची मुलगीपण निघाली दौऱ्यावर? बघा, हा मुलगा मला काही सांगत नाही. आता ह्याची बॅगच भरत होते. जपानात थंडी फार असते म्हणे."

लालासाहेब खुर्चीत बसले ते बसलेच. गेटवर उभं राहिलेल्या माणसाला एक गोष्ट फार लवकर कळते, ती म्हणजे समोरच्याला काय माहीत नाही ते. ह्या बाईंना माहीत नव्हतं. पोरानं आईला सांगितलंच नव्हतं.

"आणि तुमची मुलगी काय वाजवते?" विनोदिनीबाईंनी विचारलं.

लालासाहेबांनी तोंड उघडलं. ती ड्रम वाजवते, तुमच्या पोराच्या जागी तिला घेतलंय, तुमचा पोरगा कुठंही चालला नाही. असं सरळ सांगून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. खऱ्याचीच चौकशी करायला ते एवढ्या लांब आले होते.

"ती वाजवत न्हाई काय," ते म्हणाले. "ती सामान बघती. पेट्या, वायरी. कुनाचं काय ऱ्हायलं, कुनाचं काय न्हाई."

"हो का? तेही लागतंच की."

"लागतं तर."

आणि एवढं बोलल्यावर त्यांना छातीत इतकं दुखलं की त्यांनी पाणी मागितलं. ज्या पोरीच्या वाजवण्याला त्यांनी कधी बरं म्हटलं नव्हतं, तिला आपण आपल्याच तोंडानं हमाल केली. स्वतःच्या हातानं तिच्या बाहीवरच्या फिती उपटाव्यात, तसं झालं. ती वाजवते हो बाई, ते मनात ओरडत होते, माझी लेक लय भारी वाजवते!

तेवढ्यात दारात पुष्कर आला. डाव्या हातात दुधाची पिशवी, उजवा हात पँटच्या खिशात.

"अरे, हे संयोगिताचे वडील," आई म्हणाली. "बस गप्पा मारत, मी चहा टाकते. आणि तेवढी चटणी फिरवून घेते."

पोराचा चेहरा पांढराफटक पडला. बिनपासाचा माणूस गेटवर पकडावा तसा तो उभा राहिला. आत मिक्सर घरघरायला लागला, तसा तो लालासाहेबांच्या पायाशीच बसला.

"काका, प्लीज. आईला काही बोललात?"

"न्हाई. तू बोल आता. का सोडलंस?"

पुष्करनं खिशातून हात काढला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्यात वळलेलं होतं. त्यानं ती दोन बोटं डाव्या हातानं सरळ केली, सोडली, तशी ती पुन्हा हळूहळू आत गेली.

"काठी धरवत नाही. मुंबईचे डॉक्टर झाले, पुण्याचे झाले. त्या पोरांनी वर्षभर दौरा पुढं ढकलला माझ्यासाठी. तू नाहीस तर बँड बंद करू म्हणाले. त्या दिवशी मीच रडत निघून आलो. माझ्यापायी सगळ्यांचं नुकसान का करायचं, काका?"

"आनि माझी पोरगी?"

"तिला मीच शोधली. खूप जणांचे व्हिडिओ बघितले मी. सातमधून अकरात जाताना सगळे घाबरतात, ती हसते. अंड्यांच्या ट्रेसमोर बसून हसत होती. मी शंभूला सांगितलं, हीच. फक्त आईला सांगेपर्यंत कुणाला काही बोलू नका."

 पहिल्यानंच दुसरी पसंत केली होती. असं स्थळ लालासाहेबांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"आईला कवा सांगनार?"

"बाबा गेले त्या वर्षी आईनं पाटल्या मोडून मला ड्रम घेऊन दिला. शेजारीपाजारी नावं ठेवत होते. कसं सांगू? ही पोरं जपानला निघतील त्या दिवशी मीही बॅग घेऊन निघणार, पुण्यात मित्राकडं राहणार. दौरा संपला की परत."

"आनि हिकडं आई रोज देवाफुडं दिवा लावनार, पोरगं जपानात हाय म्हनून? येडा हायस काय रं?"

मिक्सर थांबला. पुष्करनं हात पुन्हा खिशात घातला. चहा झाला, इकडचंतिकडचं बोलणं झालं. लालासाहेब उठले, तसा पुष्कर कोपऱ्यावरून रिक्षा आणायला गेला. तो दिसेनासा झाला तशा विनोदिनीबाई स्वयंपाकघरातून स्टीलचा मोठा डबा घेऊन आल्या.

"हे लाडू तुमच्या मुलीला द्या."

"आवं, पुष्करसाठी केलेले..."

"पुष्करसाठीच केले होते," बाई म्हणाल्या. "पण आता वाजवणाऱ्याच्या पोटात गेले पाहिजेत. फार छान वाजवते हो ती. पुष्कर रात्र-रात्र तिचेच व्हिडिओ बघतो, त्याच्या फोनवर बघितलंय मी."

लालासाहेबांनी दोन्ही हातांनी डबा घेतला.

"त्याच्या हातातून पेला सुटतो, शर्टाची बटणं लागत नाहीत. आईला दिसत नाही होय? पण तो सांगत नाही, म्हणून मी बॅग भरते. रोज वाटतं, आज सांगेल." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "तुम्ही सामान बघती म्हणालात ना, तेव्हा तुमच्या तोंडाकडं बघवेना मला. तुमचे उपकार झाले. त्याला मात्र कळू देऊ नका. त्याचं त्याला सांगू दे."

बाहेर रिक्षा थांबली. लालासाहेबांनी डबा पोटाशी धरला. आत बसल्यावर त्यांनी पुष्करच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाईंना ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "लेका, जल्म माझा गेटवर गेला. पास बघितल्याबिगर मी कुनाला आत सोडलं न्हाई. पर आईच्या दारात पास लागत न्हाई. सांग तिला."

 पोरगा उजवा हात खिशात घालून उभा राहिला.

घरी पोचले तेव्हा संयोगिता दारातच होती.

"कळलं?"

"कळलं."

"का सोडलं मग त्यानं?"

"घरगुती कारन हाय."

"म्हंजे?"

"म्हंजे इचारू नगंस. बरं दिसत न्हाई," लालासाहेब म्हणाले. "मानसं चांगली हायत. दे तुजा पासपोर्ट सोमवारी. आनि हे लाडू घे. सांगलीच्या बाईंनी दिल्यात, वाजवनारीला म्हनून."

 संयोगिता हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. बनूबाई तर आधीच रडत होत्या.

"रडता काय दोघी? चल शेडात. काय वाजवतीस ते बसून ऐकतो आज."

आणि खताच्या पोत्यावर बसून त्यांनी ते अख्खं पाव तासाचं गाणं ऐकलं. फारसं काही कळलं नाही. पण सातमधून अकरात जाताना पोरगी खरंच हसली. ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं.

लाडू प्लास्टिकच्या पिशवीत बसून जपानला गेले. डबा मागं राहिला. रिकामा डबा परत कसा पाठवायचा, म्हणून बनूबाईंनी घरच्या वाघ्या घेवड्याच्या वाळल्या दाण्यांनी तो निम्मा भरला, वर आपल्या फोन नंबरची चिठ्ठी ठेवली आणि सांगलीला जाणाऱ्या एका ट्रकवाल्याबरोबर धाडला. पोचल्याचा काही निरोप आला नाही. लालासाहेबांना रुखरुख लागून राहिली. पोरगं पुण्याला निघून गेलं असणार, आई एकटीच घरात असणार, असं रोज त्यांच्या मनात यायचं.

पहिल्या कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी दोघं नवरा-बायको मोबाईल भिंतीला टेकवून बसले. जपानात संध्याकाळ झाली होती. हजारो माणसं ओरडत होती, आणि त्या सगळ्या उजेडाच्या मध्ये, ड्रमच्या मागं, त्यांची संयू.

तेवढ्यात बनूबाईंचा फोन वाजला. विनोदिनीबाई. व्हिडिओ लावला होता.

"बघताय ना?" बाई मोठ्यानं म्हणाल्या. "आम्हीपण बघतोय. दोघं."

त्यांनी फोन फिरवला. टीव्हीसमोर जमिनीवर पुष्कर बसला होता. कोपऱ्यात ती बॅग रिकामी, मिटलेली. त्याचा उजवा हात मांडीवर उघडाच होता, लपवलेला नव्हता. पुढ्यात स्टीलचा डबा. फोनकडं त्याचं लक्षच नव्हतं. जपानात ठेका बदलत होता आणि तो डाव्या हातानं डब्याच्या झाकणावर, एकही ठोका न चुकता, तिच्याबरोबर वाजवत होता. दर थापेला आतला घेवडा खुळखुळत होता.

लालासाहेबांनी हळूच टोपी काढून मांडीवर ठेवली.